चुरी

वखारीत संत्र्याचा ढीग, भवताल आमी आठजनी,
अन् क्रेट उचलाले एकटा शालिक.
त्याचं नशीब.

"काहून रे, आज केसाले तेल?"
"पाव्हने येऊन राह्यले का?"
"पाव्हने कायचे! निर्गुणा बसली ना, तिकडूनच
भांग पाडला त्यानं. पाह्य ना व!"

शालिक म्हने, "तुमच्या आठीत
एकबी मोठा माल नाही. समदी चुरी."

मंग काय, उठली ना निर्गुणा.
त्याले डोक्शापासून टाचेपावतर पाह्यलं,
हातात धरून तोलल्यावानी केलं हवेतच,
"रंग बरा हाय व माय,
पन अंदरून कोरडा असन.
टाका याले चुरीत."

हासता हासता बेबीमावशीची
तंबाखूची पुडी सांडली संत्र्यावर.

तो बी कमी नाही.
"सोलून त पाह्य," म्हने.

अन् आमी आठीच्या आठी चूप.
बाहेर ट्रकचा ड्रायव्हर तेवढा खोकलला.

निर्गुणा खाली बसली,
लिंबाएवढं एक संत्र तिनं
मोठ्या मालाच्या ढिगात टाकलं.
मुकादम बोंबलला. तिले आयकू आलं नसन.

सांजच्याले रोजी घेतानी पाह्यलं,
शालिकच्या खिशात कायतरी गोल.
"काय रे हे?"
"चुरी," म्हने, "इचारून घेतली."

कोनाले इचारून, ते नाही सांगितलं.

निर्गुणा पुढं चालली होती वरूडच्या रस्त्यानं,
रोज आमच्या हाती न लागनारी,
आज दम खात, चप्पल सारखी करत,
कोनी मांगून यावं इतकी हळू.