किल्ली

साडेआठची फेरी. चोडणहून रायबंदर.
माझी स्कूटर सगळ्यांच्या पुढे, साखळीला टेकून,
कारण आज मी वेळेत निघाले होते.
वर्षातून दोनदा घडतं असं.

मागच्या सीटवर ऊर्वी, वय साडेपाच,
दप्तर पोटाशी, केसांत एकच क्लिप.
दुसरी नाकात घालून पाहिली होती तिने, पण ती वेगळी गोष्ट.
पुढे उभा शौनक. दोन वर्षांचा.
त्याचा पहिला शब्द आई नव्हता, बाबाही नव्हता.
पोदेराचा भोंगा होता : पों.
आता सगळंच पों. पाव पों, कुत्रा पों,
देवघरातली घंटासुद्धा पों, आणि सासूबाई हात जोडून ऐकतात.

घरातून निघताना मी सातदा म्हटलं होतं, चला.
उकड्या तांदळाची पेज एकाने खाल्ली नाही, दुसरीने अंगावर घेतली.
नवरा वेर्ण्याहून रात्रपाळी करून आलेला,
कॉटवर असा पडलेला, जणू भरतीने आणून टाकला होता.
मी त्याच्याकडे रागाने पाहिलं.
तो झोपेतच "हो" म्हणाला.

मधल्या पाण्यात शौनक रडू लागला.
कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नसावं.
मी स्कूटरची किल्ली काढून दिली त्याला, लाकडी मासा लटकवलेली.
गप्प झाला.
मी कांदळवनाकडे बघत एक श्वास घेतला,
एकच, मोजून सांगते,
आणि मासा पाण्यात गेला.

बुडुक.

लाकडी होता, तरंगायला हवा होता.
लोखंडाने ओढून नेला.

ऊर्वीने वाकून पाहिलं, बराच वेळ,
आणि शाळेतल्या बाईंसारखं मला समजावलं :
"आई, आता नदी सुरू होईल."

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही.
पण तेवढ्यात फेरी धक्क्याला लागली,
मागे तीसेक दुचाक्या, तीन गाड्या, मासळीची एक रिक्षा,
सगळ्यांनी एकदम हॉर्न दिला,
आणि माझ्या मुलाला जन्मात पहिल्यांदा वाटलं
की जग त्याची भाषा बोलतंय.
तो उत्तर देऊ लागला. एकेकाला. न चुकता.

"बाये, चावी खंय?" सालू खलाशी.
मी पाण्याकडे बोट केलं.
त्याने टोपी मागे सरकवली, पाण्याकडे पाहिलं, शौनककडे पाहिलं.
"म्हज्या धाकट्यान," तो म्हणाला,
"म्हज्या आवयची कवळी उडयल्ली."
"खंय?"
"हांगाच."

सुकती होती. धक्क्याचा उतार शेवाळलेला.
मुलं खाली उतरायला तयार नाहीत.
मग सालू, रिकाम्या टोपलीचा पोदेर, आमच्याच कचेरीतले फडतेबाब आणि मी,
असे चौघे ती स्कूटर ढकलत वर नेऊ लागलो,
मुलं वर बसलेली, जत्रेतल्या देवांसारखी,
एक हात हलवत, एक पों करत.
अर्ध्यावर माझा पाय घसरला, चप्पल गेली,
आणि फडतेबाब धापा टाकत म्हणाले,
"मस्टरवर कारण काय लिहू?"

तेव्हा मला हसू फुटलं.
पोटात कळ येईस्तोवर हसले, स्कूटर घट्ट धरून,
कारण सोडली असती तर सगळेच गेलो असतो कवळीच्या शोधात.
तेवढाच तोल होता माझ्याकडे.
पुरला.

नवरा पुढच्या फेरीने आला, शर्ट उलटा,
हातात दुसरी किल्ली, तिला तांदळाचे दोन दाणे चिकटलेले.
"डब्यात होती," म्हणाला. "परवा ह्यानेच टाकलेली."
मी म्हटलं, शर्ट उलटा आहे.
तो म्हणाला, हो.

संध्याकाळी फेरी हलली तशी
ऊर्वी माझ्या कानात म्हणाली, "बघ."
शौनक झोपलेला, खांद्यावर लाळ.
किल्ली कुर्त्याला आतून पिनेने टोचलेली,
तरी मी दर दोन मिनिटांनी चाचपत होते.
नदी चालूच होती.