गाठ

बाबांच्या हातमागाचा आवाज
ताणून, उलटवून रचलेली अकरा मिनिटं चार सेकंद.
पाचपावलीतला मे, त्यामुळे कूलरही आत शिरलाय.

ह्याला सा कुठला, सम कुठली?
वर्णपट उघडते स्क्रीनवर:
खाली कूलर, जाड पिवळा पट्टा,
वर धोट्याचे उभे ओरखडे.
खुणा करते. खर्र. ठक्.
एकाला नुसतंच वर्तुळ,
शब्द सापडेना.

बाबा कपाळावरचा चष्मा खाली ओढतात.
ऐकू येत नाही त्यांना,
पॉवरलूमच्या वीस वर्षांनी नेलं ते.
बोटानं चौकोन मोजतात
लुगड्याच्या काठाचे मोजावेत तसे.

सातव्या मिनिटाशी बोट थांबतं.
"इथी सूत तुटलं होतं.
गाठ दिसून रायली, पोरी."

तिथेच जोडले होते मी दोन तुकडे
त्यांचा खोकला कापून.