उगवण

रात्रीचे साडेअकरा. अमळनेर.
दिवसभराचे पंचेचाळीस अंश
पतपेढीच्या भिंती आत्ता बाहेर टाकतायत.
सर्व्हरचा पंखा उन्हातून पळून आलेल्या कुत्र्यासारखा.

आधी सगळी दारं लावायची.
पारोळा शाखा बंद, धरणगाव बंद,
वसुलीवाल्या गुलाबचा मोबाईलसुद्धा.
पैसे एका खात्यातून निघालेत, दुसऱ्यात पोचले नाहीत,
नेमक्या त्या क्षणी नक्कल घेतली
तर यमुनाबाई साळुंखेंचे सात हजार
कायमचे रस्त्यात.

मग पट्टा हिरवा व्हायला लागतो.
एकोणीस हजार खाती.
त्यात बंद करायची राहून गेलेली मेलेली माणसं,
आणि कुणा छकुलीच्या नावे दरमहा पन्नास,
बारा वर्षं. कोण भरतं ठाऊक नाही.

उखर्डूबा दाराशी तंबाखू मळतो.
"काय करी ऱ्हायनी व माय?"
बियाणं काढून ठेवतेय, बा.
घर जळलं तरी पेरता यावं म्हणून.
"कोठे ठेवस?"
ह्याच कपाटात, म्हणाले, आणि ओशाळले.

तो हसला नाही. त्याची माय
भरताच्या वांग्याचं बी राखेत घोळून
दोन मडक्यांत भरायची.
एक चुलीमागे, एक बहिणीकडे, बोरीच्या पल्याड.
आणि पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात.
"उगस का नई, दखं का कधी?"

पट्टा भरला. स्क्रीनवर उमटलं: यशस्वी.
रोज हेच उमटतं.

कोपऱ्यातला जुना संगणक ओढला, धूळ फुंकली,
कालची नक्कल त्यात उघडली.
नावं आली. अंगठे आले.
व्यवहार चौदा सप्टेंबरला थांबले.
आज वीस मे.

डिस्क भरली होती.
आठ महिने मडक्यावर नुसतं झाकण ठेवत होते मी.

बाराला वीज गेली. यूपीएस किंचाळलं, मग धरून राहिलं.
पॅनासॉनिकच्या खोक्यातली कोरी डिस्क. पुन्हा पहिल्यापासून.
उखर्डूबाने मोबाईलचा उजेड धरला,
एका हाताने, हात बदलत.

पहाटे साडेचारला जुन्या संगणकावर
मी फक्त एक खातं उघडलं.
छकुली. मे महिना. पन्नास.
आहे.

सहाच्या चोपडा गाडीने डिस्क जाईल,
जेवणाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून.
कुलपाचा शब्द त्या डब्यात नाही.
तो मी उखर्डूबालाही सांगितला नाही.
त्यानेही विचारला नाही.