मधली पायरी

तिचा अर्ज मीच नाकारला.
पॅडमधली शाई वाळत आली होती,
शिक्का दोनदा मारावा लागला.

इसक्कियम्माळ, वय एकेचाळीस, राहणार कोविलपट्टी.
बी.ए. इतिहास, मुक्त विद्यापीठ, प्रथम श्रेणी.
बारावीच्या रकान्यात आडवी रेघ.

आमचा नियम साधा आहे, आधी दहा, मग दोन, मग तीन.
जिन्यासारखा.
ही बाई मधली पायरी गाळून गच्चीवर पोचलेली
आणि मी खालून ओरडून विचारतोय,
पायरीचा दाखला कुठाय?

"मधली दोन वर्षं काय केलंत?"
विचारायचं नसतं, विचारलं.
"दोन कुठली, नऊ. काडेपेटीच्या कारखान्यात.
पेटीत एक काडी कमी पडली तर मजुरी कापायचे.
जास्त पडली तर कुणी मोजत नसे."
मग गजाआडून माझ्या पत्रावर नजर टाकून म्हणाली,
"तिसऱ्या ओळीत एक अक्षर गाळलंय तुम्ही."

नंतर कळलं, ही मुन्सिफ कोर्टाबाहेर
करंजाखाली टाइपरायटर घेऊन बसते.
वाटणीचे दावे, पोटगी, न वटलेले चेक,
वीस वर्षं दुसऱ्यांची गाऱ्हाणी दोन बोटं समास सोडून.
स्वतःची रिटही तिनंच टाइप केली.
वकील अरुळ्दास यांनी फक्त सही केली
आणि एक स्वल्पविराम घातला, जो तिनं काढला.

प्रतिवादी क्रमांक तीन म्हणजे कुलसचिव.
पण पहाटेची मदुरै बस मीच पकडली,
मांडीवर फाइल, फाइलवर इडलीचा डबा.

कोर्टात आमचे वकील म्हणाले, पायाच नाही या पदवीला.
न्यायमूर्तींनी चष्मा काढला.
"ही पदवी नोकरीला चालते?"
चालते, माय लॉर्ड.
"बढतीला?"
चालते.
"एम.ए.ला?"
तेही, माय लॉर्ड.
"मग कायदा शिकायलाच का नाही?"
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
आमच्या वकिलांनी फाइल उलटी केली, सुलटी केली.
एका खंडपीठाचा निकाल होय म्हणत होता,
दुसऱ्याचा नाही.
दोन्ही निकालांना तितकीच पानं.
उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ठेवा, असं ठरलं.
म्हणजे यंदाची जागा गेली.

माझं म्हणाल तर माझा जिना अख्खा आहे.
बारावीच्या गणिताला पर्यवेक्षक माझे मामा होते,
मला एकाहत्तर पडले.
कुणी कधी रिट केली नाही.

उपाहारगृहात ती समोरच येऊन बसली.
रागावेल असं वाटलं होतं.
तिनं कॉफी बशीत ओतली, फुंकली,
आणि धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाशी बोलतो तशी म्हणाली,
"तुमच्या उत्तरात नऊ नंबरचं पान दोनदा लागलंय.
दहावं नाहीच."

मी फाइल उघडून बघितल्यासारखं केलं.
बघायची गरज नव्हती.
दहावं पान म्हणजे आमच्याच विद्यापीठाचं जुनं पत्र,
सदर पदवी सर्व प्रयोजनांसाठी समकक्ष समजावी,
खाली सही, तारीख, गोल शिक्का.
साहेब म्हणाले होते, हे एवढ्यात नको लावूस.
नकोच लावू, असं म्हणाले नव्हते.

परतीच्या बसमध्ये तीही होती, पुढच्या बाजूला.
मांडीवर तिची बोटं हलत होती,
काहीतरी टाइप करत असल्यासारखी.
कोविलपट्टीला उतरताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

पुढची तारीख सतरा जून.
पत्र माझ्या खणात आहे, शाईच्या पॅडखाली.
रोज सकाळी खण उघडतो,
पॅड काढतो,
खण लावतो.