उजेडात धरून

तिकिटाला मी पाचशेची नोट दिली.
काउंटरवरच्या पोराने ती ट्यूबलाइटकडे धरली,
एक डोळा बारीक करून पाहिली,
अंगठ्याने कड चाचपली.
मला बरं वाटलं.
एकतीस वर्षं मी हेच केलं,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर.
केसभर सरकलेली शाई, एखादी तुटकी रेघ,
कोपऱ्यात माशीच्या पायाएवढा ठिपका,
की कागद बाजूला. वेस्ट.
घरी तांदूळ निवडतानाही
हात आपोआप दोन ढीग करायचे.

धात्रकबाई म्हणाली, रिटायर झालीस ना,
आता तरी काहीतरी नुसतं बघ.

नुसतं बघायला बसले.
पडद्यावर संध्याकाळ होती.
मग कळलं, दुपार आहे:
माणसं जेवत होती, अंगणात सावल्या आखूड होत्या.
चित्र जरा वर चढलेलं,
नायकाचं कपाळ काळ्या कापडावर,
खाली हातभर करडी पट्टी रिकामी.
डाव्या अंगाला डाग,
कुणीतरी भिरकावलेल्या कोल्ड्रिंकचा.
नायिका तिकडे सरकली की गालावर वांग उमटायचं,
इकडे आली की गोरी.
रात्री ती विहिरीवर जाते म्हणे.
म्हणे, कारण मला पाणी ऐकू आलं,
ती दिसली नाही.
पुढच्या रांगेतला मोबाइल मात्र लख्ख,
कुणाच्या तरी बारशाचे फोटो,
एकूण एक फोकसमध्ये.

दीडशे माणसं बसली होती.
कुणी हूं की चूं केलं नाही.
मला वाटलं, मोतीबिंदू असेल माझाच.
मग हाताच्या रेषा पाहिल्या त्या मोबाइलच्या उजेडात.
सगळ्या जागेवर होत्या.

उठले. पायऱ्या पायाने चाचपत बाहेर.
तोच पोरगा. बिल्ल्यावर नाव: पगार.
आडनावच ते, कळवणकडचं.
वेळेवर मिळतो का, विचारलं नाही.

चित्र अंधुक आहे, म्हटलं.
नाही मॅडम, पिक्चरच डार्क आहे.
चौकट सरकलीये.
ते मुंबईहून सेट असतं.
वर कोण बसतं मग?
वर कुणी नसतं मॅडम. वर मशीन असतं.
हे तो इतक्या शांतपणे म्हणाला
की रामकुंडावरचे गुरुजी हबकले असते.
मॅनेजर? जेवायला.
कधी येतील? जेवून.
आणि एक कूपन पुढे सरकवलं,
मोठ्या पॉपकॉर्नवर वीस रुपये सूट.

तू पाहिलास का रे हा?
शेवटची चार मिनिटं, म्हणाला. रोज पाच वेळा.
नावं वर सरकायला लागली की झाडू घेऊन आत.
विहिरीचं त्याला ठाऊकच नव्हतं.
गालावरचा डाग आहे ना, म्हणाला,
मला वाटायचं, तो स्टोरीतलाच आहे.
मग दार किलकिलं करून पाहिलं त्याने,
बराच वेळ, एक डोळा बारीक करून.
अंधुक आहे खरं, म्हणाला.
मग?
मग काही नाही मॅडम.

तक्रारवही मागितली.
स्ट्रॉच्या खोक्याखाली सापडली.
शेवटची तक्रार एसीची, दोन उन्हाळ्यांपूर्वीची,
तिच्याखाली कुणीतरी फुली-गोळा खेळलेलं.
सुतळीला पेन. रिफिल संपलेली.
तरी लिहिलं मी, जोर देऊन, ओळ पूर्ण केली,
सही, तारीख, खाली एक रेघ.
कागद कोरा तो कोराच.
उमटलं नाही मॅडम, पगार म्हणाला.
उजेडात धर, म्हटलं.

त्याने धरला की नाही, माहीत नाही.
इंटरव्हल झाली होती, समोशांना गर्दी उसळली.
धात्रकबाई मात्र शेवटपर्यंत बसली, पैसे दिलेत म्हणून.
रिक्षा जेलरोडला वळेपर्यंत तिने मला शेवट सांगितला.
तिलाही तो नीटसा दिसला नव्हता.
विहिरीत नक्की कोण पडलं,
यावर आमचं अजून एकमत नाही.