बाटल्यांचा गुरुवार

आमच्या ग्रॉटनच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गुरुवारी येते.
निळा डबा उलटा झाला की
कोण काय प्यालं ते सगळ्या गल्लीला कळतं.
वॉरन पेल्कीचा डबा
मी कितीतरी वर्षं उशीत तोंड खुपसून ऐकला:
आधी एक जाड खळ्ळ,
मग बारीक बारीक, संपतच नाही असं.

तो गोदीत पाणबुड्या बनवतो.
म्हणजे नेमकं काय, ते सांगत नाही.
एकदा विचारलं तर म्हणाला, पाइप.

मंगळवारी दारात एक मुलगी.
पाकिटात बिल्ला, बुटांना चिखल, वहीला रबरबँड.
"मिसेस फुर्तादो? पेल्कींबद्दल चार प्रश्न.
त्यांच्या क्लिअरन्सची तपासणी आहे."
मी कॉफी पुढे केली, तिने घेतली नाही.
कर्ज? परदेशी पाहुणे? रात्री-अपरात्री भांडणं?
नाही. नाही. बायको सोडून गेल्यावर भांडणार कोणाशी?
"आणि दारू?"

माझा जोआकिम मासेमारीच्या बोटीवर होता.
तोही प्यायचा.
त्याच्याबद्दल विचारायला कधी कोणी आलं नाही,
समुद्र शेजाऱ्यांकडे चौकशी करत नाही.
"थेंबसुद्धा नाही," मी म्हटलं.
तिचं पेन जरा थांबलं.
मला वाटलं, टपकणारा नळ ऐकतेय.

संध्याकाळी तो लाकडं रचत होता.
मी कुंपणाशी जाऊन जरा मिरवतच सांगितलं,
झाकली मूठ सव्वा लाखाची.
त्याने हातातला ओंडका खाली ठेवला.

"डोलोरेस, मी सगळं लिहून दिलंय.
बारा नंबरच्या रस्त्यावरचा खांब,
पोलिसांनी पांढऱ्या रेघेवरून चालवलं ते,
तारीख, दंड, अठ्ठावीस दिवसांचं केंद्र,
चर्चच्या तळघरातले सोमवार.
खुर्ची कुठली एवढंच लिहायचं राहिलं.
वकील म्हणतो, प्यालेलं कदाचित पोटात घालतील,
लपवलेलं नाही.
जे लपवलंय ना, त्याच्यासाठी कोणीतरी
कधीतरी पैसे मागू शकतो.
आता तिच्या वहीत दोन वॉरन झाले.
एक माझा, एक तुझा."

शेजारधर्म म्हणून मी पांघरूण घातलं,
आणि आतला माणूस गुदमरला.

रात्री आठवू लागले,
ती खळ्ळ शेवटची कधी ऐकली?
थँक्सगिव्हिंग? त्याच्याही आधीचं?
वर्ष उलटून गेलं होतं.
आवाज होता तेव्हा मी जागी राहिले.
तो थांबला, तर मजेत झोपले,
आणि लक्षातही आलं नाही.

कार्डावरचा नंबर लावला.
"मी फुर्तादो. मंगळवारी खोटं बोलले.
प्यायचा. पुष्कळ. मी ऐकायचे."
पलीकडे रबरबँड सुटल्याचा आवाज.
"आणि आता?"
"आता सोड्याचे कॅन असतात.
हलके वाजतात.
लिही गं, हलके."
ती म्हणाली, मॅडम, मी फक्त लिहिते. ठरवणारे वेगळे.

ठरलेलं नाही अजून.
तोवर त्याला फाटकाबाहेरच्या शेडमध्ये
नट-बोल्ट मोजायला बसवलंय.
बिल्ला काढून घेतलाय. डबा घेऊन जातो, डबा घेऊन येतो.
मीही विचारत नाही, काय मोजलंस.

या गुरुवारी माझ्या डब्यात पोर्टची एक बाटली होती.
चाळीस वर्षांच्या सवयीने
तिला वर्तमानपत्र गुंडाळायला घेतलं,
मग राहू दिलं.

वाजली.
वॉरनच्या खिडकीतला दिवा लागला.