पोटात पाय

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी
ईरीबाहेरचं ड्राइव्ह-इन हंगामाला कुलूप लावण्याआधी
दरवर्षी हाच सिनेमा दाखवतं.
वांडा गोर्स्की म्हणाली, चल.
एक्स-रे खात्यातली माझी रात्रपाळीची जोडीदारीण.
तिच्या ट्रकच्या फळीवर दोन घडीच्या खुर्च्या,
एक ब्लँकेट, लाह्यांची बादली.
तळ्यावरून गार वारा. डास अजून नोकरीवर होते.

पडद्यावर आधी ओरखडे आले, मग गाव.
हेच गाव, वांडा जन्मायच्या आधीचं,
आता बंद असलेल्या बेकरीत पाव घ्यायला रांग.
मग तळ्यातून, अणूचं काहीतरी पिऊन,
वर आली घराएवढी गोगलगाय.

घराएवढी, कारण घर पुठ्ठ्याचं होतं.
शंख म्हणजे पिंपाच्या कड्यांवर ताणलेलं ताडपत्रीचं कापड,
डोळे म्हणजे छत्रीच्या काड्यांवर टेनिसचे चेंडू.
चिकटा वांडाच्या आईनं शिजवला, चार पातेली खळ,
हिरवा दिसावा म्हणून त्यात रंग कालवला.
सिनेमा काळापांढरा आहे
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि चाल! इतकी सावकाश
की नायिकेला पळता पळता तीनदा पडावं लागतं,
एकदा पर्स घ्यायला परत यावं लागतं,
तेव्हा कुठे दोघींची गाठ पडते.
पोलीस गोळ्या झाडतो,
संपल्यावर पिस्तूलच फेकून मारतो.
माझ्या नाकात लाही गेली हसताना.

मग सगळ्या गाड्या एकदम गप्प झाल्या.
गोगलगाय स्टेट स्ट्रीटवर वळली,
कापड वीतभर उचललं गेलं
आणि खाली दिसले
बूट.
चार. लोखंडी टोकाचे, इंजिन कारखान्यातले.
पुढच्या जोडीत डाव्याची नाडी सुटलेली.
शंभरेक हॉर्न वाजले, दिव्यांची उघडझाप झाली.

‘पुढचे बाबा,’ वांडा म्हणाली.
‘मागचा स्टॅनकाका. तो प्यायलेला आहे.’

शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून यायचं:
गोगलगाय नि पोटात पाय.
लबाड माणसाला लावतात.
मी तिला सांगायला गेले आणि जीभ अडली.
लबाडी कसली यात?
आम्ही दोघी रात्रभर लोकांच्या पोटात डोकावतो,
एवढं उघड काही
कुठल्याच फिल्मवर पाहिलं नव्हतं.
म्हणून नुसतं म्हणाले,
आमच्याकडे म्हण आहे, गोगलगाईच्या पोटात पाय असतात.
‘असतातच,’ ती म्हणाली.

काझिमिर गोर्स्की.
दिवसा कारखाना, संध्याकाळी सहा ते दहा गोगलगाय,
रोजचा दीड डॉलर आणि एक सँडविच.
ती आठ वर्षांची असताना गेले.
घरात तीन फोटो,
तिन्हींत दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नात, कोट घालून, ताठ.
हलताना ते कुठेच नाहीत,
फक्त इथे, अकरा सेकंद,
घोट्यापासून खाली,
सुटलेल्या नाडीवर पाय पडू न देता चालताना.

शेवटी तिला मारतो नगरपालिकेचा मिठाचा ट्रक,
हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतो तसलाच.
साबणाचा फेस येतो, शंख आकसतो,
म्हणजे आतले दोघे
हळूहळू गुडघ्यांवर बसतात, मग आडवे होतात.
वांडा तेवढं बघत नाही.
बादलीच्या तळाशी न फुटलेले मक्याचे दाणे शोधत बसते.

डिसेंबरात एकदा पाळी संपवून निघालो, सकाळचे सहा,
पुढे मिठाचा ट्रक, पिवळा दिवा फिरवत.
काचेवर खडे तडतडले.
वांडानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.
सिग्नलपर्यंत.
ट्रकवाल्याला काय वाटलं कोण जाणे,
त्यानं खिडकीतून हात काढून
आम्हाला राम राम घालावा तसा हलवला.